पुराच्या शिखरावरचा तळ : पुलांच्या पायांभोवतीची धूप आणि तिचे मापन

कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते आणि पूर्वेच्या बाजूने सीना. या दोन नद्यांमधला प्रदेश मात्र पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जाणारा आहे. ज्या तालुक्यात पाण्याचा विचार बहुधा टंचाईच्या अंगाने होतो, तेथे पुराच्या वेळी नदीचा तळ किती खोल जातो हा विषय व्याख्यानासाठी घ्यावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. ही विसंगती वरवरची आहे. जी नदी वर्षातील बरेच महिने रोडावलेली असते तिच्यावरील पुलाचा पाया लोकांच्या रोजच्या नजरेसमोर असतो, आणि नजरेसमोर असलेली वस्तू आपल्याला माहीत आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पुलाच्या दृष्टीने निर्णायक असलेला तळ हा उन्हाळ्यात दिसणारा तळ नसून पुराच्या शिखरावर, गढूळ पाण्याखाली, काही तासांपुरता अस्तित्वात येणारा तळ असतो.

भीमेचा पूर कर्जतच्या पावसाने येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो, खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, चासकमान, डिंभे अशा धरणांच्या साखळीतून पाणी सोडले जाते, आणि मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांचे पाणी घेऊन भीमा दौंडवरून सिद्धटेककडे येते व उजनीच्या जलाशयात शिरते. दौंड येथून उजनीत किती क्युसेक पाणी येत आहे हा आकडा पावसाळ्यात वृत्तपत्रांतून रोज छापला जातो आणि नदीकाठच्या गावांतून तो बाजारभावाइतक्याच गांभीर्याने वाचला जातो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. सीनेचा स्वभाव वेगळा आहे. तिचा उगम नगरच्या परिसरातला, पाणलोट तुलनेने लहान, आणि तिचे मोठे पूर बहुधा परतीच्या पावसाचे असतात. निमगाव गांगर्डे येथील धरण भरून वाहू लागल्यावर खालच्या गावांना मिळणारा अवधी भीमाकाठापेक्षा पुष्कळच कमी असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने सोलापूर जिल्ह्यात लांबोटी येथे सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली, तेव्हा एरवी ओढ्यासारखी दिसणारी ही नदी कोणत्या थराला जाऊ शकते हे सर्वांनी पाहिले. एका नदीचा पूर आगाऊ वर्दी देऊन येतो आणि दुसरीचा अवचित येतो, हा भेद पुढे उपकरणांची निवड करताना महत्त्वाचा ठरतो.

वाहते पाणी तळातील वाळू, माती किंवा सुटा दगड उचलून नेते या क्रियेला पूल-अभियंते इंग्रजीवरून ‘स्कवर’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात तिला ‘तळधूप’ म्हटले आहे. तिचे तीन प्रकार एकमेकांत मिसळूनच घडतात, पण समजण्यासाठी वेगळे करावे लागतात. पहिला प्रकार म्हणजे नदीचा तळ लांबवर एकंदरीनेच खाली जाणे. वरच्या धरणात गाळ अडल्याने किंवा खालच्या अंगाला वाळूचा उपसा झाल्याने हे वर्षानुवर्षे घडत राहते. दुसरा प्रकार पुलामुळे पात्र अरुंद झाल्याने होतो: दोन्ही बाजूंचे भराव नदीच्या पूरमैदानात पुढे आणून पुलाची लांबी कमी केलेली असते, तेच पाणी कमी रुंदीतून जाण्यासाठी वेग वाढवते आणि तळ खरवडते. तिसरा प्रकार खांबाभोवतीचा, स्थानिक, आणि सर्वांत घातक आहे.

पाण्याचा प्रवाह खांबावर आदळला की त्याचा काही भाग खांबाच्या पुढच्या अंगाने सरळ खाली वळतो, तळाशी पोचून मागे गुंडाळला जातो आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो. हा भोवरा तळातील कण उचलतो आणि मुख्य प्रवाहाच्या स्वाधीन करतो. नदीच्या उथळ पात्रात वाळूवर अनवाणी उभे राहिलेल्या माणसाच्या टाचेखालून वाळू निसटते तेव्हा जे घडते, तेच येथे हजारो टनांचा भार वाहणाऱ्या खांबाच्या बाबतीत घडत असते. खड्डा खोल होत जाईल तसा भोवऱ्याचा जोर घटतो आणि एका मर्यादेला खोदकाम थांबते; परंतु ती मर्यादा पायाच्या खाली गेली तर खांब अधांतरी राहतो.

या क्रियेच्या एका गुणधर्माकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पूर ओसरू लागला की वेग कमी होतो, वरून वाहत येणारी वाळू त्याच खड्ड्यात बसू लागते, आणि पाणी पुरते उतरेपर्यंत खड्डा बहुतांशी भरून गेलेला असतो. भरलेली वाळू सैल असते, पायाला पकड देण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ निरुपयोगी असते, पण वरून पाहणाऱ्याला पात्र पूर्ववत झालेले दिसते. म्हणजे धोका ज्या वेळी असतो त्या वेळी माणूस तेथे जाऊ शकत नाही, आणि माणूस जाऊ शकतो तेव्हा धोक्याचा पुरावा नदीने स्वतःच बुजवलेला असतो. तळधुपीसाठी संवेदकांची, म्हणजे भौतिक बदल टिपून त्याचे विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणांची, गरज प्रतिपादन करताना आधुनिकतेचा हवाला देण्याचे कारण नाही. ही एक अडचण पुरेशी आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता या अडचणीचे सर्वांत कठोर स्मरण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह काही वाहने नदीत गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. या विधानावर तेव्हा पुष्कळ रोष व्यक्त झाला. रोष समजण्यासारखा होता. तथापि पाहणी प्रामाणिकपणे झाली असे गृहीत धरले तरी मे महिन्यातील पाहणी ऑगस्टमधील पाण्याखालच्या तळाविषयी काय सांगू शकते, हा प्रश्न त्या रोषात हरवला. दगडांचे सांधे, कमानीतील भेगा, सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपे हे सारे उन्हाळ्यात दिसते; पायाखालची पोकळी दिसेलच असे नाही. नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला, ही प्रशासनाच्या कर्तबगारीची गोष्ट खरीच. पण पाहणीच्या पद्धतीविषयी जी चर्चा व्हायला हवी होती तिला त्या वेगाने थोडे झाकून टाकले.

तळधूप किती होईल याचे गणित करण्याच्या शास्त्राचा एक मोठा भाग याच भीमेच्या खोऱ्यात घडला, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याच्या एका खास विभागाच्या रूपाने १९१६ मध्ये सुरू झालेले आणि पुढे खडकवासल्याला स्थिरावलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हे नदीशास्त्रातील जगातील जुन्या प्रयोगशाळांपैकी एक आहे. त्याचे संचालक राहिलेले सर क्लॉड इंग्लिस यांनी गंगेच्या खालच्या प्रवाहावरील, आज बांगलादेशात असलेल्या हार्डिंज पुलाच्या खांबांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून जी सूत्रे मांडली, ती जागतिक साहित्यात आजही ‘इंग्लिस-पूना’ या नावाने उल्लेखिली जातात. १९४९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा नद्या व कालव्यांवरील ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. खडकवासल्यातून सुटलेले पाणी मुठेतून मुळा-मुठेत आणि तेथून रांजणगाव सांडसपाशी भीमेत येऊन सिद्धटेकवरून पुढे जाते. प्रयोगशाळेच्या दाराशी असलेले पाणी कर्जतच्या सीमेवरून वाहते. प्रयोगशाळेतील ज्ञानाला मात्र तेवढाच प्रवास करायला अधिक वेळ लागला आहे.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत पुलाच्या पायाची खोली ठरवण्यासाठी जे सूत्र दिले आहे ते जेराल्ड लेसी यांनी उत्तर भारतातील कालव्यांच्या अभ्यासावरून १९३० च्या सुमारास मांडलेल्या विचारावर उभे आहे. त्याचा आशय असा की पात्राच्या दर मीटर रुंदीतून जाणारा प्रवाह जितका मोठा आणि तळाचा कण जितका बारीक, तितकी धूप खोल. उदाहरणादाखल, एका मीटर रुंदीतून सेकंदाला १० घनमीटर पाणी जात आहे आणि वाळूच्या कणाचा सरासरी व्यास अर्धा मिलिमीटर आहे असे धरले, तर सरासरी धुपीची खोली सुमारे ५.८ मीटर येते; खांबापाशी ती दुप्पट, म्हणजे सुमारे ११.६ मीटर धरावी असा संकेत आहे, आणि ही खोली नदीच्या तळापासून नव्हे तर महत्तम पूरपातळीपासून खाली मोजायची असते. हे दुपटीचे प्रमाण मुख्यतः इंग्लिस यांनी उत्तरेकडील नद्यांवरील पुलांच्या प्रत्यक्ष नोंदी जमवून काढलेल्या निष्कर्षाशी जुळते. तोच प्रवाह १० ऐवजी १३ घनमीटर झाला, तर खांबापाशीची खोली सुमारे १३.८ मीटरवर जाते. म्हणजे पूर तीस टक्क्यांनी वाढला की पायाच्या माथ्यावरची दोन मीटरहून अधिक माती हिशेबातून नाहीशी होते. ज्या जुन्या पुलांचे आराखडे कमी पुराचा अंदाज धरून झाले, त्यांच्याबाबत हा फरक कागदावरचा राहत नाही.

सूत्रे वाळूच्या नद्यांसाठी जन्मली आणि दख्खन हा बेसाल्टचा प्रदेश आहे, म्हणून आपल्याकडे तळधुपीची फारशी चिंता नाही असा युक्तिवाद अनुभवी कंत्राटदारांकडून नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पठारावरील बहुसंख्य पुलांचे पाये उथळ असून कठीण पाषाणात खाच घेऊन बसवलेले असतात आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पूर सोसले आहेत. परंतु बेसाल्ट हा एकसंध ठोकळा नसतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडा, मऊ मातीसारखा थर असतो, काही थर सच्छिद्र आणि झिजलेले असतात, काही ठिकाणी पाषाण उभ्या भेगांनी इतका चिरलेला असतो की पुराचे पाणी एकेक चिरा उपटून काढते. शिवाय भीमा आणि सीना यांच्या काठांवर जागोजागी गाळाचे जाड थर आहेत, जेथे पाषाण लागेपर्यंत खोदकाम करणे जुन्या काळी परवडले नाही. एखाद्या पुलाचे मधले खांब पाषाणावर आणि काठाचे आधार, ज्यांना अबटमेंट म्हणतात, ते मुरमावर किंवा भरावात असे मिश्र चित्रही असते. आणि पूल पडत नाही, त्याला जोडणारा भराव वाहून जातो व पूल नदीच्या मधोमध एकटा उभा राहतो, हा प्रकार आपल्याकडे खांब खचण्यापेक्षा जास्त वेळा पाहायला मिळतो.

वाळूउपशाचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याविषयी मोघम बोलण्याची सवय या भागाला परवडणारी नाही. पूरपातळीपासून मोजलेली धुपीची खोली गणितात स्थिर राहते, पण संपूर्ण तळच दोन-तीन मीटर खाली नेला तर तेवढ्याच पुराची पातळीही खाली जाते आणि धुपीचे टोक त्या प्रमाणात पायाच्या आणखी जवळ, कदाचित पायाच्याही खाली, येऊन ठेपते. पाण्यात बोटीवर बसवलेल्या पंपाने वाळू ओढली की खोल खड्डे पडतात आणि ते खड्डे पुरात वरच्या दिशेने सरकत पुलापर्यंत येतात. उपसा पुलापासून लांब आहे एवढ्याने भागत नाही ते यामुळे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पुलाच्या वरच्या अंगाला किमान २५० मीटर आणि खालच्या अंगाला किमान ५०० मीटर अंतर राखण्याची अट याच कारणाने आहे. पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवरील हिंत्से रिबेइरो पूल ४ मार्च २००१ रोजी खांबाखालचा तळ गेल्याने पडला आणि ५९ माणसे मेली, त्या दुर्घटनेच्या मुळाशीही वर्षानुवर्षांचा वाळूउपसा होता. भीमेच्या बाबतीत त्यात जलपर्णीची भर पडते. पुराबरोबर वाहत आलेली जलपर्णी, वेड्या बाभळीची झुडपे आणि उसाचे पाचट खांबाला अडकून बसते तेव्हा दीड मीटर रुंदीचा खांब पाण्याच्या दृष्टीने चार-पाच मीटर रुंद होतो, आणि धूप खांबाच्या रुंदीबरोबर वाढते.

तळधूप मोजण्याच्या उपकरणांचा इतिहास एका अपघाताने वेगवान केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी ओढ्यावरचा, १९५४ मध्ये खुला झालेला महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. खांबांचे पाये उथळ, पसरट होते. त्यांच्याभोवती टाकलेल्या मोठ्या दगडांचे संरक्षण आधीच्या पुरांत हळूहळू निघून गेले होते आणि ते पुन्हा घातले गेले नव्हते. त्यानंतर तेथील संघराज्य महामार्ग प्रशासनाने देशभरातील पुलांची तळधुपीच्या दृष्टीने छाननी सुरू केली. तीस वर्षांत तेथे निकामी झालेल्या सुमारे हजार पुलांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास पुलांच्या मुळाशी तळधूप होती, हा निष्कर्षही याच काळात पुढे आला.

उपकरणांपैकी सर्वांत साधे म्हणजे चुंबकीय कडे. खांबाशेजारी तळात एक पोलादी नळी ठोकतात, तिच्यावर तळाला टेकलेले जड कडे बसवतात. तळ खाली गेला की कडेही खाली घसरते आणि नळीतील चुंबकीय खटके त्याची जागा कळवतात. पूर ओसरून खड्डा भरला तरी कडे वर येत नाही, वाळूखाली गाडले जाते. म्हणून ते त्या हंगामातील सर्वांत खोल धुपीची नोंद जतन करते, परंतु पुढील पुरात पहिल्याइतकी खोली पुन्हा येईपर्यंत ते मुके राहते. ध्वनिलहरींचे उपकरण अधिक बोलके आहे: खांबाला बांधलेला संवेदक खाली ध्वनीचा ठोका सोडतो, तो तळावर आपटून परततो, आणि पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने सहा मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या आठ हजारांश भागात मिळतो. खड्डा होताना आणि भरताना दोन्ही वेळा तो दिसतो. अडचण एवढीच की पुरात गढूळपणा, हवेचे बुडबुडे आणि वाहता कचरा यांनी प्रतिध्वनी बिघडतो, म्हणजे ज्या तासाला त्याची साक्ष हवी त्याच तासाला तो अडखळतो.

तिसऱ्या जातीचे उपकरण दख्खनच्या नद्यांना अधिक मानवेल असे दिसते. लहान नळकांड्याच्या आकाराची ही तरंगती उपकरणे, आत विद्युत्‌घट आणि रेडिओ-प्रक्षेपक घालून, पायाशेजारी वेगवेगळ्या खोलींवर पुरून ठेवतात. ती वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. धूप त्यांच्यापर्यंत पोचली की वाळूतून सुटून वर येतात, आडवी होतात, आतील कलदर्शक खटका चालू होतो आणि प्रत्येक नळकांडे आपला क्रमांक हवेत सोडते. कोणत्या क्रमांकाने आवाज दिला त्यावरून धूप कोणत्या खोलीपर्यंत आली ते समजते. खांबावर काही नाही, तारा नाहीत, चोरण्यासारखे दृष्टीस पडणारे काही नाही. ते फक्त एकदाच बोलते हा त्याचा दोष आहे, पण पुलासाठी बरेचदा एकदाच पुरते. याखेरीज ऑप्टिकल फायबरमधील ताण मोजणाऱ्या दांड्या, किंवा तळात पुरलेल्या तारेतून विद्युत्‌ठोका पाठवून पाणी आणि वाळू यांच्या सीमेवरचे परावर्तन ओळखणारी पद्धत, यांवर विविध देशांत काम झाले आहे. त्यांचा तपशील येथे आवश्यक नाही.

वरील साधने खड्डा मोजतात. दुसरा मार्ग खांबाची प्रकृती मोजण्याचा आहे. खांबाच्या माथ्यावर बसवलेला कलमापक अंशाच्या अगदी लहान भागापर्यंत झुकाव टिपतो, ०.१ अंशाचा झुकाव म्हणजे दहा मीटर उंचीवर सुमारे १७ मिलिमीटरचे सरकणे. कंपनमापक याहून आधी सूचना देऊ शकतो, कारण खांबाभोवतीची माती गेली की त्याची मोकळी लांबी वाढते, ताठपणा घटतो आणि त्याचे स्वाभाविक कंपन मंद होते. फक्त खालच्या टोकाला पक्का धरलेल्या खांबाचे सोपे गणित घेतले, तर मोकळी लांबी ६ वरून ८ मीटर होताच ताठपणा निम्म्याहून कमी होतो आणि कंपनसंख्या सुमारे एक तृतीयांशाने उतरते. खऱ्या पुलात वरची तुळई, बेअरिंग, तापमान, वाहतुकीचा भार आणि भोवतालचे पाणी हे सारे त्या कंपनात मिसळलेले असते, म्हणून बाजारात हे तंत्र ज्या आत्मविश्वासाने विकले जाते त्या आत्मविश्वासाने ते स्वीकारू नये. निदान एक-दोन पावसाळ्यांच्या निरोगी अवस्थेतील नोंदी हाती असल्याशिवाय आजाराचे निदान करता येत नाही.

उपकरणे निकामी होण्याची कारणे प्रायः गौण असतात: सौरपट्टी चोरीला जाते, वीज पडते, मोबाइलच्या सिमकार्डाचे पैसे भरले जात नाहीत, देखभालीचा करार संपतो. भारतीय रेल्वेने या बाबतीत तुलनेने समंजस मार्ग धरला आहे. पुलाच्या खांबावर रंगाने धोक्याची पातळी आखणे आणि पावसाळ्यात पहारेकरी नेमणे ही रेल्वेची जुनी रीत आहे. कोकण रेल्वेने माणगाव ते वीर दरम्यान काळ नदीवर, वीर ते सापे वामने दरम्यान सावित्रीवर आणि चिपळूण ते कामथे दरम्यान वाशिष्ठीवर पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्यास सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे. ती तळ मोजत नाही, केवळ पाण्याची पातळी मोजते. पण तिच्या सूचनेनंतर गाडी थांबवायची की सावकाश न्यायची हे आधीच लिहून ठरलेले असते. रस्त्याच्या पुलाला असा पहारेकरी कधीच नव्हता. राष्ट्रीय महामार्गांवरील दीड लाखांहून अधिक पूल-मोऱ्यांची सूची करणारी व्यवस्था केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू केली, तथापि जिल्हा मार्गांवरचे पूल आणि गावाकडचे फरशी पूल तिच्या कक्षेबाहेर राहतात. आणि पुराच्या पाण्यात माणसे वाहून जातात ती बहुधा तिथे.

उपकरण आणि निर्णय यांच्यामधल्या दुव्याचे महत्त्व आयर्लंडमधील एका घटनेने दाखवले. मालाहाइड येथील खाडीवरचा रेल्वेपूल २१ ऑगस्ट २००९ रोजी खांबाखालचा तळ धुपून कोसळला. एका गाडीच्या चालकाला रूळ खचताना दिसल्याने पुढच्या गाड्या थांबल्या आणि कोणाचा जीव गेला नाही. काही दिवस आधी स्थानिक जलबालवीरांनी पाण्याचा प्रवाह बदलल्याची तक्रार केली होती, अभियंत्याने येऊन पाहणीही केली होती, पण त्याने बांधकाम पाहिले, तळ नव्हे. चौकशीत निष्पन्न झाले की त्या पुलाखालच्या दगडी बांधावर वेळोवेळी दगड टाकत राहावे लागते ही गोष्ट जुन्या कर्मचाऱ्यांना माहीत होती आणि ते निवृत्त झाल्यावर ती कार्यालयाच्या स्मरणातून गेली. आपल्याकडे बदल्यांची गती पाहता कार्यालयीन स्मरण हा विषय आयर्लंडपेक्षा अधिक नाजूक आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात पुलाचा मूळ आराखडा, पाया कोणत्या थरावर टेकला याची नोंद आणि मागील पाच पावसाळ्यांनंतर घेतलेले पात्राचे आडवे छेद एका फायलीत नसतील, तर संवेदकाने पाठवलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हेच ठरवता येणार नाही. खांब क्रमांक तीनपाशी तळ अमुक पातळीच्या खाली गेला की वाहतूक थांबवायची, अडथळा कोणी लावायचा, तहसीलदार व पोलीस ठाण्याला कोणी कळवायचे, आणि पूर ओसरल्यावर कोणत्या तपासणीनंतर पूल खुला करायचा, हे पावसाळ्यापूर्वी लेखी ठरलेले असले पाहिजे. रात्री दोन वाजता आलेल्या संदेशावर चर्चा करून निर्णय घेता येत नाही.

कर्जत परिसरापुरता विचार केला तर सर्व पुलांवर सर्व उपकरणे बसवण्याची योजना आखणे म्हणजे कोणतेच उपकरण न चालवण्याची तयारी करणे होय. ज्यांचा पाया कशावर टेकला आहे हे कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही असे पूल प्रथम निवडावेत, त्यातही नदी वळण घेते तेथील आणि वाळूउपशाच्या टापूतील पूल आधी. भीमेवर पूर्वसूचना मिळतेच: कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने पर्जन्य आणि नदीपातळी स्वयंचलित रीतीने कळवणारी यंत्रणा उभारली आहे, आणि दौंडचा विसर्ग तर घरोघरी माहीत असतो. तेथे पातळीचे आणखी एक उपकरण घालण्यापेक्षा खांबाच्या तळाशी चुंबकीय कडे किंवा पुरलेली तरंगती उपकरणे घालणे अधिक उपयोगाचे. उजनीच्या फुगवट्यात येणाऱ्या पुलांची गोष्ट आणखी निराळी आहे: जलाशय भरलेला असताना वेग मंदावून तेथे गाळ बसतो, पण पावसाळ्याच्या आरंभी जलाशय खाली असताना दौंडकडून मोठे पाणी आले तर तोच गाळ वेगाने कापला जातो, त्यामुळे तेथील धोका पुराच्या आकड्यावर जितका अवलंबून तितकाच उजनीच्या त्या दिवशीच्या साठ्यावर अवलंबून असतो आणि सूचनेच्या नियमात दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतील. सीनेवर याच्या उलट, अवधीच कमी असल्याने पातळीचे साधे, स्वस्त उपकरण आणि त्याला जोडलेला भोंगा व दिवा हे प्रथम हवेत. तळाची उपकरणे नंतर.

या भागाच्या कोरडेपणाचा एक लाभ मात्र कोणी हिशेबात घेतलेला नाही. बारमाही मोठ्या नद्यांवर तळधुपीची उपकरणे बसवण्यासाठी पाणबुडे, तराफे आणि प्रवाहात उभे राहण्याची अवजड व्यवस्था लागते व खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. सीनेच्या पात्रात एप्रिल-मे महिन्यांत खांबाच्या पायापर्यंत चालत जाता येते. लोखंडी सळई हाताने खुपसून कोठे ती सहज आत जाते आणि कोठे अडते हे पाहिले तरी मागच्या पुरात पडलेल्या व नंतर सैल वाळूने भरलेल्या खड्ड्याची सीमा बऱ्याच अंशी आखता येते, आणि नळकांडी नेमकी कोणत्या खोलीवर पुरायची हेही त्यावरूनच ठरते. हे काम मे अखेरीस संपले पाहिजे. जूनमध्ये निविदा निघाली तर पुढचा मे येईपर्यंत थांबावे लागेल, आणि मधला पावसाळा त्या पुलाने नेहमीप्रमाणे नोंदीविना काढलेला असेल.